लाओसला जायचंय? रजेच्या अर्जाआधी पंचांग उघडा

लाओसला जायचं ठरलं की बहुतेकजण आधी विमानाचं तिकीट बघतात, मग हॉटेल, आणि सणांचा विचार सगळ्यांत शेवटी करतात. हा क्रम उलटा करावा असं मला मनापासून वाटतं. या देशात सरकारी सुट्ट्या अगदी मोजक्या आहेत आणि जे सण पाहण्यासाठी एवढ्या लांब जावं, त्यांतले बहुतेक त्या यादीत नाहीतच. ते चंद्रावर चालतात. मराठी माणसाची इथे मोठी सोय आहे. आपल्या भिंतीवरच्या पंचांगात ज्या पौर्णिमा-अमावास्या छापलेल्या असतात, त्याच बहुतेक वेळा लाओसमधल्या सणांच्या तारखा असतात. महिनाही आपल्यासारखाच अमावास्येला संपतो. दोन कॅलेंडरं शेजारी ठेवून तासभर बसलात तर वर्षभराची आखणी होऊन जाते.

पहिली पायरी: सरकारी सुट्टी वेगळी, सण वेगळा

देशभर सगळं बंद राहील असे दिवस थोडेच आहेत: १ जानेवारी, नववर्षाचे १४ ते १६ एप्रिल, १ मे आणि २ डिसेंबर. २ डिसेंबर हा राष्ट्रीय दिन. १९७५ साली याच दिवशी राजेशाही संपून आजचं प्रजासत्ताक आलं. यांत ८ मार्चचा महिला दिन मिळवायचा. ती सुट्टी काम करणाऱ्या महिलांसाठी असते. पण बँकेत किंवा कचेरीत निम्म्या खुर्च्या रिकाम्या असल्या की कामं अडतातच, म्हणून तो दिवसही हिशेबात सुट्टीचाच धरावा. ७ ऑक्टोबरला शिक्षक दिन असतो आणि शाळा बंद असतात. सुट्टी शनिवार-रविवारी आली तर तिच्या बदल्यात लागून येणारा कामाचा दिवस सहसा सुट्टीचा दिला जातो.

धार्मिक सण या यादीत जवळजवळ नाहीतच. अपवाद एकच, एप्रिलचं नववर्ष. वर्षावासाची, म्हणजे भिक्खूंनी पावसाळ्यात विहारातच राहण्याच्या तीन महिन्यांची, सांगता असो की थाट लुआंग या स्तूपाची मोठी जत्रा, देशाच्या कायद्यात ती सुट्टी नाही. राजधानी व्हिएन्तियानमध्ये मात्र होड्यांच्या शर्यतीच्या दिवशी आणि थाट लुआंगच्या दिवशी कचेऱ्या बऱ्याचदा स्थानिक पातळीवर बंद ठेवतात. म्हणून इंटरनेटवर ‘लाओसच्या सुट्ट्या’ अशी यादी पाहून तिकीट काढणाऱ्याचे सगळ्यांत सुंदर दिवस हुकतात.

दुसरी पायरी: सण आपल्या तिथीत बसवा

लाओ लोक वर्षाच्या बारा महिन्यांच्या बारा रूढी पाळतात. त्याला ‘हीत सिप सोंग’ म्हणतात. त्यांचा पहिला महिना म्हणजे साधारण आपला मार्गशीर्ष, पाचवा म्हणजे चैत्र, बारावा म्हणजे कार्तिक. प्रवाशाच्या कामाच्या तिथी अशा:

- माघ पौर्णिमा: माखा बुसा, म्हणजे माघपूजा. याच सुमारास दक्षिणेत चंपासाकला वाट फू या जुन्या मंदिराची जत्रा.
- वैशाख पौर्णिमा: विसाखा बुसा, म्हणजे आपली बुद्धपौर्णिमा. याच महिन्यात गावोगावी पावसासाठी बांबूचे अग्निबाण सोडतात, तो बुन बांग फाय (बुन म्हणजे सण).
- आषाढ पौर्णिमा: खाओ फन्सा. आपल्याकडचे बौद्ध ज्याला वर्षावास म्हणतात, त्याचा आरंभ.
- श्रावण अमावास्या, म्हणजे आपला पोळा: खाओ पादाप दिन. उत्तरेतल्या लुआंग प्रबांग शहरात त्याच दिवशी नाम खान नदीवर होड्यांची शर्यत.
- भाद्रपद पौर्णिमा: खाओ सलाक.
- आश्विन पौर्णिमा, कोजागिरी: ओक फन्सा, वर्षावासाची सांगता.
- कार्तिक पौर्णिमा: बुन थाट लुआंग.

ताळा करून पाहायचा असेल तर २०२४ साल घ्या. पोळा २ सप्टेंबरला होता आणि खाओ पादाप दिनही त्याच दिवशी. कार्तिक पौर्णिमा १५ नोव्हेंबरला आणि थाट लुआंगचा मुख्य दिवसही १५ नोव्हेंबरलाच. कोजागिरी १६ ऑक्टोबरला होती, ओक फन्सा १७ ला. हा एक दिवसाचा फरक लक्षात ठेवा. आपण कोजागिरी रात्रीच्या पौर्णिमेवर धरतो, ते त्यांच्या गणिताने पंधरावा दिवस धरतात. म्हणून तिथीच्या आधी एक आणि नंतर दोन दिवस हातात असले म्हणजे काळजी उरत नाही.

दोन पितृसणांबद्दल थोडं थांबून सांगितलं पाहिजे. खाओ पादाप दिनला पहाटे अंधारातच घरची माणसं केळीच्या पानात बांधलेल्या भाताच्या, फळांच्या पुड्या घेऊन निघतात आणि देवळाच्या आवारात, झाडांच्या बुंध्याशी त्या ठेवतात. ज्यांच्यासाठी घरात कुणी अन्न ठेवणारं नाही, अशा मृतात्म्यांचाही त्यात वाटा असतो. पंधरा दिवसांनी खाओ सलाकला गेलेल्या माणसाचं नाव लिहून दान आणतात आणि कोणतं दान कोणत्या भिक्खूकडे जाईल ते चिठ्ठीने ठरतं. तो दिवस भाद्रपद पौर्णिमेचा, म्हणजे आपल्याकडे पितृपक्षाच्या उंबरठ्यावरचा. पर्यटकांच्या यादीत हे दोन्ही सण क्वचितच दिसतात. मला ते सगळ्यांत जवळचे वाटतात.

काही सणांना एकच तारीख नसते. बांग फाय प्रत्येक गाव आपापल्या सोयीने ठरवतं. चौथ्या महिन्यातला बुन फा वेत, ज्यात देवळात दिवसभर वेस्संतर जातक, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मीची कथा, वाचलं जातं, तोही तसाच. आज या गावात, पुढच्या आठवड्यात शेजारच्या, म्हणजे पाहुण्यांना दोन्हीकडे जाता येतं. यांसाठी वेगळी रजा काढू नका. तिथे असताना कानावर आलं तर आवर्जून जा.

तिसरी पायरी: अधिक मास तपासा

इथे सावध राहायला हवं. लाओस आणि थायलंडच्या कालगणनेतही अधिक महिना असतो, पण तो ते आषाढाला जोडतात, आठवा महिना दोनदा मोजतात. आपला अधिक मास कोणत्याही महिन्याला येऊ शकतो. त्यामुळे अशा वर्षी आषाढापर्यंतच्या पौर्णिमा महिन्याने सरकू शकतात. २०२३ मध्ये आपली बुद्धपौर्णिमा ५ मेला होती, थायलंडमध्ये विशाख पूजा ३ जूनला. त्यात लाओस दर वेळी थायलंडच्या तारखेबरोबरच जातं असंही नाही. २०२६ मध्ये आपल्याकडे अधिक ज्येष्ठ आहे, म्हणजे तेही असंच वर्ष.

माघ, वैशाख किंवा आषाढ पौर्णिमेसाठी अशा वर्षी जाणार असाल तर ज्या गावी उतरणार तिथल्या गेस्टहाऊसला विचारून तारीख पक्की करा. पोळ्यापर्यंत दोन्ही पंचांगं बहुतेक वर्षी पुन्हा एका रेषेत येतात, म्हणून तिथून कार्तिकापर्यंतच्या सणांना ही अडचण सहसा येत नाही. पण आपला अधिक मास भाद्रपद किंवा आश्विनाचा असेल तर त्याही तारखा तपासा.

एप्रिलचं नववर्ष या भानगडीतून मोकळं आहे, कारण ते चंद्रावर नाही, सूर्याच्या मेष राशीतल्या प्रवेशावर ठरतं. मकर संक्रांत आपल्याकडे दरवर्षी जवळपास त्याच तारखेला येते, तसंच हे.

चौथी पायरी: एकच सण निवडा

आठवडाभराच्या रजेत दोन मोठे सण बसत नाहीत. निवड करताना माझं मत असं.

*पी माय, म्हणजे एप्रिलचं नववर्ष.* तीन दिवस. पहिला सरत्या वर्षाचा, मधला कुठल्याच वर्षाचा नाही, तिसरा नव्या वर्षाचा. पाहायचं तर लुआंग प्रबांगमध्येच. मेकाँगच्या काठी वाळूचे स्तूप रचतात. वर्षाचं प्रतीक झालेल्या नांग सांगखानची मिरवणूक निघते आणि पू न्यू, न्या न्यू हे केसाळ मुखवट्यांतले आदिपूर्वज नाचतात. राजवाड्याच्या आवारातली फा बांग ही पवित्र बुद्धमूर्ती वाट माय देवळात आणून ठेवतात आणि पुढचे काही दिवस लोक तिला सुगंधी पाण्याने स्नान घालतात. म्हणून १६ तारखेला लगेच परत निघू नका. रस्त्यावरचं पाणी ओसरल्यावर देवळात जी शांत रांग लागते, ती बघण्यासारखी असते.

या सणाच्या अडचणीही मोठ्या आहेत. एप्रिल हा तिथला ऐन उन्हाळा. उत्तरेत डोंगरउतारावरची शेतं जाळण्याचा हंगाम मार्च-एप्रिलमध्ये असतो, त्यामुळे हवा धुराने भरलेली असू शकते. दम्याचा त्रास असलेल्यांनी हा महिना टाळावा. थायलंडचं सोंगक्रान १३ ते १५ एप्रिलला असल्यामुळे बँकॉकमार्गे जाणारी विमानं, गाड्या, बस सगळं भरलेलं असतं. या दिवसांत दारू पिऊन गाडी चालवणं फार वाढतं, अपघातही वाढतात. १३ ते १७ एप्रिलच्या दरम्यान स्कूटर भाड्याने घेऊ नका आणि एका शहरातून दुसऱ्या शहरात रस्त्याने जाऊ नका.

*ओक फन्सा.* पहिल्यांदाच जाणाऱ्याला मी हाच सांगते. पाऊस नुकताच सरलेला असतो, नदी भरलेली असते, हवा निवळलेली असते. पहाटे देवळात दान, संध्याकाळी मेणबत्ती, फुलं आणि उदबत्ती हातात घेऊन देवळाला तीन प्रदक्षिणा. लुआंग प्रबांगमध्ये प्रत्येक वस्ती बांबू आणि कागदाची मोठी नौका बनवते, तिच्यात दिवे लावते, मिरवत वाट शियेंग थोंगला नेते आणि मेकाँगमध्ये सोडते. याला लाय हुआ फाय म्हणतात. यासाठी पौर्णिमेची आणि तिच्या दुसऱ्या दिवसाची अशा दोन्ही रात्री तिथे मुक्काम ठेवा. व्हिएन्तियानमध्ये पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी मेकाँगवर लांब होड्यांची शर्यत असते आणि काठाच्या फा न्गुम रस्त्यावर काही दिवस आधीपासूनच जत्रा भरते. दोन्ही शहरं एकाच वेळी गाठायचा अट्टहास नको. शर्यतीचा जल्लोष हवा तर राजधानी, दिव्यांची रात्र हवी तर लुआंग प्रबांग.

पुढचा महिनाभर, कार्तिक पौर्णिमेपर्यंत, कठिण चीवरदानाचा, म्हणजे भिक्खूंना वस्त्रं दान करण्याचा काळ. तारीख प्रत्येक विहाराची वेगळी. महाराष्ट्रातल्या बौद्ध वाचकांना हा विधी नवा नाही. लाओ गावात तो ढोल, नाच आणि अख्ख्या गावाच्या जेवणासह होतो आणि अनोळखी पाहुण्यालाही सहज बसवून घेतात.

*बुन थाट लुआंग.* सोनेरी थाट लुआंग स्तूप राजा सेत्थाथिरातने १५६६ मध्ये उभारला. आज तो देशाच्या राजमुद्रेवर आहे. पौर्णिमेच्या आधीचे काही दिवस व्यापारी जत्रा असते, मग मेणाच्या फुलांनी सजवलेल्या मंदिराकृती, फासात फेंग, मिरवत आणतात. वाट सी मुआंग देवळात आणि नंतर थाट लुआंगला ही मिरवणूक पाहता येते. मुख्य दिवशी पहाटे देशभरातून आलेले भिक्खू ओळीने बसतात आणि हजारो माणसं त्यांना दान देतात. पाचच्या आधी जागा धरा. दुपारी हॉकीसारखा तिखी हा खेळ होतो, रात्री मेणबत्त्या घेऊन प्रदक्षिणा. नोव्हेंबरची हवाही सुखाची असते.

*वाट फू.* पाक्सेपासून सुमारे चाळीस किलोमीटरवर, डोंगराच्या उतारावरचं ख्मेर शैलीचं मूळ शिवमंदिर. वरच्या डोंगराच्या नैसर्गिक लिंगाकार शिखरामुळे ही जागा पवित्र मानली गेली. आज तिथे बुद्धाची पूजा होते. २००१ पासून ते जागतिक वारसा आहे आणि जतनाच्या कामात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाचा मोठा सहभाग राहिला आहे. माघी पौर्णिमेच्या जत्रेत परदेशी पाहुणे कमी, आसपासच्या खेड्यांतली माणसं जास्त.

पाचवी पायरी: आपल्या घरच्या सणांशी मेळ घाला

रजा मंजूर होईल, पण घरची मंजुरीही लागते. पोळ्याच्या अमावास्येला लाओसमध्ये राहिलात तर तीन-चार दिवसांत गणपती बसतो, म्हणजे शर्यत पाहून लगेच निघायला हवं. ज्यांच्या घरी गणपती आहे त्यांनी हा सण सोडावा. खाओ सलाक अनंत चतुर्दशीला लागूनच येतो, त्यामुळे विसर्जनानंतर लगेच निघणंही ओढाताणीचं आहे. ओक फन्सा मात्र दसऱ्यानंतर पाचेक दिवसांनी आणि लक्ष्मीपूजनाच्या पंधराएक दिवस आधी येतो. बहुतेक वर्षी. नोकरदार मराठी माणसाला यापेक्षा सोयीची जागा नाही.

२०२६ मध्ये दसरा २० ऑक्टोबरला, ओक फन्सा सोमवारी २६ ऑक्टोबरला, शर्यत २७ ला आणि लक्ष्मीपूजन रविवारी ८ नोव्हेंबरला. शुक्रवारी २३ ला रात्री मुंबईहून निघालात आणि सोमवार ते शुक्रवार पाच दिवस रजा घेतलीत, तर १ नोव्हेंबरला घरी पोचून फराळाच्या तयारीला वेळ उरतो. त्याच वर्षी थाट लुआंगचा मुख्य दिवस मंगळवार २४ नोव्हेंबरच्या सुमाराला आहे.

पी माय गाठायचा तर २०२७ चांगलं. १४ ते १६ एप्रिल बुधवार ते शुक्रवार येतात. महाराष्ट्रात १४ ला आंबेडकर जयंती, १५ ला रामनवमी. तुमच्याकडे या दोन्ही सुट्ट्या असतील तर १२, १३ आणि १६ अशी तीनच दिवसांची रजा टाकून शनिवार १० पासून रविवार १८ पर्यंत नऊ दिवस हाती येतात.

सहावी पायरी: तिकीट, व्हिसा, रोख

भारतातून बहुतेक प्रवास बँकॉक, हनोई किंवा क्वालालंपूरमार्गे होतो. सणासाठी जायचं तर खोली आणि विमान तीन-चार महिने आधी ठरवा, त्यातही खोली आधी. लुआंग प्रबांगचा जुना भाग लहान आहे आणि पी माय, ओक फन्साला तो सगळ्यांत आधी भरतो.

व्हिसा ऑनलाइन काढता येतो, पण तो ठराविक विमानतळांवर आणि सीमाचौक्यांवरच चालतो. आधी मार्ग ठरवा, ती जागा यादीत आहे का पाहा, मग अर्ज करा. मंजुरीला लागणारे दिवस कामाचे मोजले जातात. एप्रिलमध्ये अर्ज सुट्टीत अडकू नये म्हणून मार्च संपण्याआधी भरा. पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून जास्त हवी.

व्हिएन्तियान ते लुआंग प्रबांग हा रस्त्याने दिवसभराचा प्रवास डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या रेल्वेने दोन तासांवर आणला. पण या गाडीची तिकिटं आपल्या रेल्वेसारखी दोन महिने आधी मिळत नाहीत. विक्री प्रवासाच्या थोडेच दिवस आधी खुली होते आणि सणाच्या गाड्या चटकन भरतात. ही लाइन चीनला जोडलेली असल्याने १ ऑक्टोबरपासूनच्या चिनी सुट्टीतही गर्दी असते. २०२५ मध्ये ओक फन्सा ७ ऑक्टोबरला, म्हणजे नेमका त्या सुट्टीत आला होता. म्हणून सणाच्या गावी दोन दिवस आधीच पोचायचा बेत करा. एखादी गाडी हुकली तरी दुसऱ्या दिवशीची मिळते आणि सण हातचा जात नाही.

पी मायला जाणार असाल तर १२ एप्रिलच्या आत पुरेसे किप, म्हणजे तिथलं चलन, काढून ठेवा. बँका बंद असतात आणि गर्दीच्या भागातली एटीएम रिकामी होऊ शकतात. कागदपत्रं आणि फोन पाणी न शिरणाऱ्या पिशवीत ठेवा.

सातवी पायरी: तिथे वागायचं कसं

पहाटेच्या ताक बात या भिक्षाफेरीत दान द्यायचं असेल तर खांदे आणि गुडघे झाकलेले कपडे घाला, पादत्राणं काढा, भिक्खूंपेक्षा खाली बसा. भात राहत्या घरून किंवा गेस्टहाऊसमधून आणा, फुटपाथवर पर्यटकांना विकला जातो तो नको. दान द्यायचं नसेल तर रस्त्याच्या पलीकडे गप्प उभं राहायचं. फ्लॅश नाही, रांगेत घुसणं नाही. बायकांनी भिक्खूंना स्पर्श करू नये आणि त्यांच्या हातात वस्तू थेट देऊ नये. पी मायला कुणी बासी या शुभेच्छांच्या विधीत मनगटावर पांढरा दोरा बांधला तर तो निदान तीन दिवस ठेवायचा, कात्रीने कापायचा नाही.

शाकाहारी असाल तर देवळातल्या जेवणाच्या पंगतीत आधी विचारा. मांस आणि मासळीचं खारवण बहुतेक पदार्थांत असतं. चिकट भात आणि फळं नक्की मिळतात.

लाओसमधल्या लोकांबरोबर काम करत असाल तर

१० ते २० एप्रिलच्या दरम्यान कुठलीही अंतिम मुदत ठेवू नका. सरकारी सुट्टी तीन दिवसांची असली तरी राजधानीतली माणसं आधीच गावी निघालेली असतात आणि उशिरा परततात. ओक फन्साच्या दुसऱ्या दिवशी आणि थाट लुआंगला व्हिएन्तियानमध्ये फोन उचलला जाईल असं गृहीत धरू नका. वर्षावासाच्या तीन महिन्यांत परंपरेने लग्नं होत नाहीत, ती पुढे ढकलली जातात. म्हणून नोव्हेंबरपासून सहकाऱ्यांच्या रजा वाढतात आणि तुम्हालाही आमंत्रणं येतात.

तिथेच नोकरी करत असाल तर कामगार कायद्यानुसार एक वर्ष पूर्ण झाल्यावर वर्षाला १५ दिवसांची पगारी रजा मिळते. त्यातले दिवस पी मायला जोडायचे असतील तर जानेवारीतच सांगून ठेवा, कारण सगळेच तेव्हा मागतात. दिवाळीत घरी यायचं असेल तर ओक फन्साच्या आठवड्यात कामावर हजर राहण्याची तयारी दाखवा. लाओ सहकाऱ्यांना त्या दिवसांत घरी जाता येतं आणि दिवाळीत ते तुमचं काम आनंदाने सांभाळतात.